हस्तिदंती की मोतिया

पाऊस सरला, भिंतींची ओल सुकली. बाहेरच्या खोलीला रंग काढायचा आहे आणि मन दोन छटांत अडकलं आहे. मढहून तरीतून वर्सोव्याला जाऊन आणलेल्या शेड कार्डावर हस्तिदंती आणि मोतिया शेजारी शेजारी आहेत, जवळजवळ एकच. फरक काही थेंबांचा: पांढऱ्यात थोडा पिवळा, किंवा किंचित काळा.

पण मढचा उजेड त्या थेंबांना मोठं करतो. आमची खिडकी पश्चिमेला, समुद्राकडे. सकाळी आत ऊन नसतं, आकाशाचा निळसर उजेड असतो. त्यात मोतिया राखेकडे झुकतो. संध्याकाळी तांबूस ऊन भिंतीवर येतं आणि हस्तिदंती चक्क पिवळा होतो. म्हणून दोन्हींचे रुंद पट्टे मारून ठेवलेत, दोन-दोन हात देऊन. ओला रंग वेगळा, वाळलेला वेगळा. घाई करायची ही गोष्टच नाही.

आजीच्या घरी हा प्रश्न नव्हता. भिजवून गाळलेल्या चुन्यात चिमूटभर नीळ टाकायची. ती चुन्याचा पिवळेपणा झाकायची. शिवाय चुना भिंतीची ओल बाहेर सोडतो. खाऱ्या हवेत प्लास्टिक पेंटमागे ओल कोंडली की पोपडे धरतात, आणि मला त्याची खरी काळजी आहे.

आई सकाळी याच खोलीत पेपर वाचते. तिच्या वेळच्या उजेडात हस्तिदंती ऊबदार दिसतो. तोच घ्यावा, छताला साधा पांढरा.