तिखटाची इंग्रजी

चेन्नईच्या उत्तरेला, कोसस्थलैयार नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे एन्नोर ही वस्ती आहे. एका बाजूला खाडी, कोळ्यांच्या होड्या आणि उन्हात वाळत घातलेली मासळी. दुसऱ्या बाजूला कारखाने, वीज केंद्राची धुराडी आणि २००१ साली सुरू झालेले बंदर. या कारखान्यांमुळे आणि बंदरामुळे दूरदूरची माणसे पोटासाठी इथे येतात. काही वर्षांपूर्वी मिरजेजवळच्या एका खेड्यातून एक गृहिणी नवऱ्याच्या नोकरीपाठोपाठ अशीच इथे आली. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. तमिळ तिला येत नव्हते, हिंदी मोडकीतोडकी होती आणि या गल्लीत तिचा फारसा उपयोगही नव्हता. इंग्रजीचे नाव काढले की तिची मान खाली जाई.

शेजारी एक वयस्क बाई राहत. त्यांनी पुष्कळ वर्षे एका कारखान्याच्या उपाहारगृहात वाढपाचे काम केले होते आणि साहेबलोकांच्या ताटांभोवती वावरताना थोडी इंग्रजी उचलली होती. सगळी गल्ली त्यांना 'अक्का' म्हणे. थोरल्या बहिणीला तमिळमध्येही अक्काच म्हणतात हे कळले, तेव्हा तिला परक्या मुलखात पहिल्यांदा हायसे वाटले.

ओळख वाढवावी म्हणून तिने एके दिवशी हिरव्या मिरचीचा ठेचा केला आणि वाटीभर अक्कांना नेऊन दिला. अक्कांनी बोटावर घेऊन चाखला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "कारम! कारम!" त्या म्हणाल्या. हिला ऐकू आले 'खारं'. मीठ जास्त पडले असावे, असे मनाशी म्हणत ती ओशाळून परतली. पुढच्या खेपेला तिने मीठ निम्मे केले. अक्का पुन्हा हाशहुश करीत म्हणाल्या, "कारम जास्ती!" यातले 'जास्ती' तिला अचूक कळले, कारण तो शब्द तमिळ बोलण्यातही तसाच चालतो. तिसऱ्या खेपेला तिने मीठ जवळजवळ घातलेच नाही आणि चव मार खाऊ नये म्हणून चार मिरच्या वाढवल्या. त्या दिवशी अक्कांनी तांब्याभर पाणी प्यायले.

'कारम' म्हणजे तिखट. चूक तिची खरी, पण अगदीच निराधार नव्हती. तमिळमधला 'कारम' आणि मराठीतला 'खारा' या दोन्ही शब्दांचे मूळ संस्कृतातल्या 'क्षार' या शब्दात सापडते. एकच शब्द एका घरी मिठाकडे गेला, दुसऱ्या घरी मिरचीकडे. आपल्या 'कडू' या शब्दाचेही असेच झाले आहे. तो ज्या 'कटु' या शब्दापासून आला, त्याचा आयुर्वेदातला अर्थ तिखट असा आहे. म्हणूनच सुंठ, मिरी आणि पिंपळी यांना मिळून 'त्रिकटू' म्हणतात.

गोंधळ मिटवण्यासाठी अक्कांनी दाराला टांगलेल्या लिंबू-मिरचीकडे बोट दाखवले आणि इंग्रजीचा आधार घेतला. "हॉट! व्हेरी हॉट!" हिने वाटीला हात लावून पाहिला. वाटी थंडगार होती. "नो हॉट," ती धिटाईने म्हणाली, "कोल्ड." अक्का क्षणभर पाहत राहिल्या आणि मग पदर तोंडाला लावून हसू लागल्या. हसू ओसरल्यावर त्यांनी दुसरा शब्द काढला, "स्पायसी." चुलीवरच्या चहाकडे बोट करून त्या म्हणाल्या, "हॉट." ठेच्याकडे बोट करून म्हणाल्या, "स्पायसी." इंग्रजीचा पहिला धडा असा उंबरठ्यावर पार पडला.

मराठीत गरम वेगळे आणि तिखट वेगळे. इंग्रजीने मात्र दोन्हींसाठी 'हॉट' हा एकच शब्द ठेवला आहे. प्रथमदर्शनी ही त्या भाषेची गरिबी वाटते. पण १९९७ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की मिरचीतले कॅप्सेसिन हे द्रव्य आणि भाजणारी उष्णता ही दोन्ही आपल्या मज्जातंतूंवरील एकाच प्रथिनाला जागे करतात. ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पुरस्काराचा मान विभागून मिळाला, तो अशाच संशोधनासाठी. म्हणजे मिरची खाल्ल्यावर 'तोंड भाजले' असे जे आपण म्हणतो, ते जिभेच्या दृष्टीने खरेच असते. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून तांब्याभर पाण्याने अक्कांची आग शमली नाही. शमली ती दहीभाताने.

मिरची भारतात आली सोळाव्या शतकात, पोर्तुगीजांबरोबर, मूळच्या अमेरिका खंडातून. त्याआधी इथला तिखटपणा मिऱ्यांचा होता. नव्या फळाला लोकांनी जुन्याच ओळखीचे नाव दिले: मराठीत मिरीवरून मिरची, तमिळमध्ये 'मिळगु'वरून 'मिळगाय'. इंग्रजीतही मिरीचा 'पेपर' मिरचीला चिकटला, आणि तो 'पेपर' तरी कोठला? आपल्या पिप्पलीचाच तो दूरचा वंशज. तमिळांचे 'मिळगु तण्णी', म्हणजे मिरीचे पाणी, साहेबांच्या टेबलावर 'मलिगटॉनी' सूप होऊन बसले. जी भाषा आपल्याला परकी म्हणून भिववते, तिच्या कोठीत आपल्याच डब्यांतले जिन्नस आहेत.

पुढे रोज दुपारी दोघींचे बोलणे होई. इंग्रजीच्या पहिल्या पुस्तकात बहुधा मांजराचे चित्र दाखवून 'धिस इज अ कॅट' असे शिकवतात. पण मांजर समोर असताना ते मांजर आहे असे कोणी कोणाला सांगत नाही. या दोघींचे प्रत्येक वाक्य मात्र गरजेतून निघे. सांबार वाढताना 'अ लिटल', पुरे झाले की 'इनफ', अळणी झाले तर 'मोअर सॉल्ट, प्लीज'. एकदा अक्कांनी इडलीबरोबरच्या मिरचीच्या पुडीला 'गनपावडर' म्हटले. त्याचा अर्थ बंदुकीची दारू, हे नवऱ्याकडून कळल्यावर तिने ती पुडी दोन दिवस डब्यात तशीच ठेवली. बाळकैऱ्यांचे 'मावडु' लोणचे मुरत घातले, तेव्हा बरणीकडे पाहत तिने विचारले, "हाऊ मेनी डेज?" तिचा तो पहिला पुरा इंग्रजी प्रश्न.

पावसाळ्यात तिला पोटाचा त्रास सुरू झाला. नवरा रात्रपाळीवरून येऊन झोपला होता, अक्का गावी गेल्या होत्या. ती एकटीच दवाखान्यात गेली. तिच्या आधीच्या दोघीतिघींशी डॉक्टरीणबाई तमिळमध्ये भराभर बोलत होत्या; ते ऐकून तिला उठून परत जावेसे वाटले. तेवढ्यात तिचा क्रमांक आला.

"पेन?" डॉक्टरीणबाईंनी विचारले. हिने टेबलावरचे पेन उचलून पुढे केले. मग त्यांनी पोटावर हात ठेवून तोंड वाकडे करून दाखवले, तेव्हा तिला उलगडा झाला.

"नो पेन," ती म्हणाली. थोडी थांबली. स्वयंपाकघरातले सारे शब्द तिने मनातल्या मनात उपसले. छातीवरून गळ्यापर्यंत हात नेत ती म्हणाली, "हॉट. नो टी हॉट. चिली हॉट. नाइट मोअर, डे लिटल."

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "बर्निंग," त्या म्हणाल्या. तिने तो शब्द मागोमाग पुटपुटला. त्यांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिले, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावले, "नो स्पायसी फूड."

दारापर्यंत गेलेली ती मागे वळली. "हाऊ मेनी डेज?"

"टू वीक्स."

चार दिवसांनी अक्का गावाहून परतल्या. त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आत ती ठेच्याची बरणी घेऊन त्यांच्या दारात उभी होती. "अक्का, यू ईट," ती म्हणाली. "मी, टेन डेज मोअर." अक्कांनी बरणीचे झाकण उघडून वास घेतला आणि त्यांना लगेच ठसका लागला.