जगातला सगळ्यात आळशी माणूस

अमेरिकेत एक नट होऊन गेला. 'जगातला सगळ्यात आळशी माणूस' अशी त्याची जाहिरात व्हायची. रंगानं काळा. उंच, सडपातळ, डोक्याचा गोटा केलेला. डोळे अर्धे मिटलेले, खालचा ओठ लोंबता, खांदे पडलेले. बोलायला लागला की शब्द तोंडातल्या तोंडात भिजून जायचे. मालकानं काम सांगितलं की आधी डोकं खाजवणार, मग पाय ओढत निघणार, आणि निघता निघता कुठं निघालोय तेच विसरणार. तोवर थिएटरातला गोरा प्रेक्षक हसून हसून बेजार. नाव स्टेपिन फेचिट.

हे नाव नीट ऐका. 'स्टेप अँड फेच इट' म्हणजे 'चल, जा, ते घेऊन ये.' माणसाचं नाव कसलं, हा मालकाचा हुकूम आहे. तो स्वतः सांगायचा की शर्यतीच्या एका घोड्यावरून आपण हे नाव घेतलं. घोड्याचं म्हणा नाहीतर नोकराचं म्हणा, दोघांच्या पाठीवर बसणारा एकच.

खरं नाव लिंकन थिओडोर मन्रो अँड्र्यू पेरी. त्यात चार राष्ट्राध्यक्षांची नावं आहेत. ३० मे १९०२ ला फ्लोरिडातल्या की वेस्ट गावात जन्मला. बाप जमैकातून आलेला, सिगार वळणारा. आई बहामाची, शिवणकाम करणारी. बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकायला उतरले तेव्हा हे पोरगं अकरा वर्षांचं होतं. पुढं थोड्याच वर्षांत ते फिरत्या खेळवाल्यांबरोबर घर सोडून गेलं. नाचलं, गायलं, लोकांना हसवलं. राष्ट्राध्यक्षांची चार नावं घरी राहिली आणि जगानं हाक मारली ती 'जा, घेऊन ये' म्हणून.

१९२७ साली 'इन ओल्ड केंटकी' या चित्रपटात तो दिसला. १९२९ साली फॉक्स कंपनीनं 'हार्ट्स इन डिक्सी' काढला. सगळे प्रमुख नट काळे असलेला हा अगदी सुरवातीच्या बोलपटांपैकी एक. त्यात याचं काम गाजलं. मग १९३४-३५ मध्ये विल रॉजर्स या त्या वेळच्या सगळ्यात लाडक्या गोऱ्या विनोदी नटाबरोबर त्याचे चार चित्रपट आले. पैसा आला, मोटारी आल्या, हाताखाली नोकर आले. काळ्या नटांमधला पहिला दशलक्ष डॉलरचा धनी म्हणून त्याचं नाव आजही सांगतात. आणि ऐका, पडद्यावर ज्याला दोन वाक्यं धड बोलता येत नव्हती, तो माणूस 'शिकागो डिफेंडर' या काळ्यांच्या नावाजलेल्या वर्तमानपत्रात लिहीत होता. येडा कोण होता आणि कोण बनत होतं, हे इथंच कळतं.

मी त्याचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते शिवी म्हणून. आम्ही पँथरच्या काळातली पोरं. काळ्यांचं जे मिळेल ते वाचायचो. १९७२ साली आपल्या संघटनेनं नाव घेतलं तेच मुळी तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. त्या वाचनात हे नाव यायचं ते गोऱ्यापुढं दात काढणाऱ्या लाचार काळ्याला हाणण्यासाठी. नटाचं नाव जोड्यासारखं वापरायचे. कित्येक वर्षं मला तो खरा माणूस होता हेही ठाऊक नव्हतं. आता हे जुने चित्रपट घरबसल्या बघायला मिळतात. 'जज प्रीस्ट' बघायला बसलो आणि पहिल्या दहा मिनिटांत मला घाम फुटला. कारण ती चाल मी ओळखली. ती माझ्या चुलत्याची चाल होती.

आमचा आबा येसकर. गावकीची कामं त्याच्या बोकांडी. वाड्यावरून हाक आली की आबाचं रूप पालटायचं. पाठीला बाक यायचा, जीभ जड व्हायची, कानाला कमी ऐकू यायचं. "काय जी? कुठं जी? कवा जी?" तीन तीनदा विचारायचा. लाकडं फोडायला सांगितली तर कुऱ्हाडीचा दांडा निघायचा. सांगावा घेऊन धाडला तर भलत्याच घरी पोचायचा. वाड्यावरचा वैतागायचा. "जाऊ दे, माठ हाय ते," म्हणत दुसऱ्याला धाडायचा. आणि रात्री वस्तीत आबा त्याच वाड्याची अशी नक्कल करायचा की म्हाताऱ्या बाया पदर तोंडात कोंबून हसायच्या. म्हणायचा, "पोरा, त्येच्या लेखी मी येडा. माझ्या लेखी आजचं काम टळलं." आबाकडं ना जमीन, ना लाठी. ज्या राबणुकीला धड मोल नाही ती जमेल तेवढी चुकवणं, एवढंच त्याच्या हातात होतं.

अमेरिकेतल्या गुलामांनीही हेच केलं होतं. अवजार मोडायचं, काम रेंगाळत ठेवायचं, आजारी पडायचं, सांगितलेलं समजलंच नाही असं दाखवायचं. चाबकाखालचा माणूस दुसरं काय करणार? पेरी म्हातारपणी हेच सांगायचा, की माझा आळशी म्हणजे मूर्ख नव्हे, तो मालकाला बनवतोय. काळ्यांच्या थिएटरात बसलेल्या काळ्या माणसाला ते कळतही असेल. त्याच्या आज्यानं तेच केलं होतं. तो हसत असेल तर मालकाला हसत असेल.

पण चित्रपट बनवणारे गोरे, विकणारे गोरे आणि बहुतेक थिएटरं गोऱ्यांची. त्यांना यातला डाव दिसत नव्हता. त्यांना पुरावा दिसत होता: बघा, आम्ही म्हणत नव्हतो का, ही जात अशीच. आळशी, अडाणी, मालकाशिवाय जिला चालता येत नाही. आबाचा डाव वस्तीत होता तोवर डाव होता. हे मला कळलं कॉलेजात. आमच्या गॅदरिंगमध्ये एका वरच्या जातीच्या पोरानं काळं फासून, घोंगडं घेऊन, काठी आपटत 'जोहार मायबाप' केलं. तीच वाकलेली पाठ, तीच जड जीभ. सगळा हॉल फुटला हसून. आम्ही तिघं पोरं मागच्या बाकावर दगडासारखे बसलो होतो. चाल आबाचीच, पण आता ती त्यांच्या स्टेजवर होती.

'जज प्रीस्ट'ची एक गोष्ट सांगतो. १९३४ चा चित्रपट, दिग्दर्शक जॉन फोर्ड. पेरी यात जेफ पॉइन्डेक्स्टर नावाचा नोकर झालाय. फोर्डनं त्यात एक प्रसंग घेतला होता. गोऱ्यांचा जमाव या काळ्याला झाडाला टांगायला निघतो आणि जज आडवा येतो. तिकडं काळ्या माणसांना जमावानं धरून फासावर देण्याला 'लिंचिंग' म्हणतात. त्या काळात ते राजरोस चाललं होतं. फॉक्स कंपनीनं तो प्रसंग कापला. काळ्याची चाल ठेवली, पडलेला ओठ ठेवला, खाजवणं ठेवलं. दोर तेवढा कापून टाकला.

मी या जागी पुन्हा पुन्हा थांबतो. तो माणूस असा का वाकलाय, असा का बोलतोय, याचं उत्तर त्या दोरात होतं. दोर दिसला असता तर प्रेक्षकाचं हसणं घशात अडकलं असतं. भीती कापली की उरतो तो नुसता 'स्वभाव'. वर्णाचा स्वभाव, जातीचा स्वभाव. फोर्डच्या मनातून ते गेलं नाही. १९५३ साली त्यानं त्याच जजवर 'द सन शाइन्स ब्राइट' काढला आणि त्यात जमावाला अडवणारा जज दाखवला. जेफच्या कामाला पुन्हा पेरीच होता. पण मधे एकोणीस वर्षं गेली होती आणि हसणारे हसून घरी गेले होते.

पेरी या सगळ्यात निव्वळ गरीब गाय नव्हता. कंपनीशी भांडायचा, पैसा उधळायचा. गोऱ्या नटांइतका पगार आणि त्यांच्या बरोबरीनं नाव मागत होता. ते मिळेना म्हणून १९४० साली त्यानं चित्रपट सोडले. १९४२ साली नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल या संघटनेचे वॉल्टर व्हाइट हॉलिवूडला गेले आणि निर्मात्यांना त्यांनी बजावलं, की काळ्यांना नोकर आणि विदूषक एवढंच दाखवणं थांबवा. मागणी रास्तच होती. पण तिच्यात पेरीच्या भाकरीचा हिशेब कुणाच्याच वहीत नव्हता. १९४७ साली त्याचं दिवाळं निघालं. कोर्टात मालमत्ता दाखवली ती १४६ डॉलर.

माणूस संपला असं वाटतं तिथंच तो एका भलत्या ठिकाणी उगवतो. २५ मे १९६५, लुइस्टन गाव. मुहंमद अलीनं सनी लिस्टनला पहिल्याच फेरीत लोळवलं. ठोसा इतका आखूड आणि चपळ, की बसला कधी हे लोकांना दिसलं नाही. अली म्हणाला, हा ठोसा मला स्टेपिन फेचिटनं शिकवला आणि त्याला तो जॅक जॉन्सनकडून मिळाला. जॉन्सन म्हणजे १९०८ साली हेवीवेटचं जगज्जेतेपद घेणारा पहिला काळा. ठोशाची गोष्ट किती खरी ते सोडा. अलीसारखा, गोऱ्यापुढं डोळ्याची पापणी न हलवणारा गडी या 'लाचारा'ला आपल्या तळावर मानानं ठेवून होता, एवढं खरं. बाकीचे ज्याला हाकलत होते त्याच्यात अलीला काहीतरी दिसलं होतं.

१९६८ साली टीव्हीवर काळ्यांच्या इतिहासाचा एक कार्यक्रम झाला. बिल कॉस्बीनं सांगितलेला. त्यात पेरीचे जुने तुकडे दाखवून काळ्याची नाचक्की कशी केली गेली ते समजावलं. पेरीनं सीबीएस कंपनीवर तीस लाख डॉलरचा दावा लावला. १९७४ साली तो फेटाळला गेला. ज्यानं आयुष्यभर तोंडात शब्द अडकवून दाखवले तो म्हातारा कोर्टात 'माझं ऐका' म्हणत उभा होता. १९७६ साली त्याच संघटनेच्या हॉलिवूड शाखेनं त्याला खास इमेज पुरस्कार दिला. त्याच वर्षी त्याला झटका आला. १९ नोव्हेंबर १९८५ ला नटांसाठी असलेल्या आश्रमात तो वारला.

आता आपलं. आपल्याही चळवळीत तरणी पोरं उठतात आणि म्हाताऱ्यांना म्हणतात, हे जोहारवाले, हे सोंगाडे, यांनी नाक कापलं. राग मला समजतो. त्या चित्रपटांचा मार प्रत्येक काळ्या पोरानं शाळेत खाल्ला, तो खोटा नाही. तो मार मी त्या मागच्या बाकावर खाल्लाय. बाबासाहेबांनी महारकी टाका म्हणून सांगितलं ते याचसाठी. आबानंही शेवटी काठी-घोंगडं टाकलं आणि ताठ चालायला लागला. तेव्हा गावाला कळलं की याला सगळं नीट ऐकू येतं. आणि लगेच गावाचा वाळीत टाकण्याचा ठराव आला. म्हणजे इतकी वर्षं तो बहिरा का होता, तेही त्याच दिवशी कळलं.

म्हणून माझं सांगणं एवढंच, की वाकलेला माणूस दिसला तर थुंकण्याआधी त्याच्या आसपास बघा. स्टेज कुणाचं, तिकिटाचा पैसा कुणाच्या गल्ल्यात, आणि कात्री कुणाच्या हातात. मग हवं तेवढं भांडा त्याच्याशी, आपलाच माणूस आहे तो. पण पडद्यावर जे दाखवलं तेवढ्यावर त्याचा निकाल लावू नका. कापलेला दोर आधी शोधा.