बस्ता बांधताना

लग्नसराई आली की आपली पावलं आपोआप साड्यांच्या दुकानाकडे वळतात. बस्ता म्हटला म्हणजे निदान तीन-चार तासांची निश्चिंती. आपण खुर्च्यांवर ऐसपैस बसतो, मालक चहा मागवतात, आणि "ती वरची मोरपिशी काढा हो" असं चाललेलं असतं. मैत्रिणींनो, तेवढ्या वेळात साड्या दाखवणारी मुलगी एकदा तरी बसलेली तुम्ही पाहिली आहे का?

पूर्वी गादीची दुकानं होती, तेव्हा दाखवणाराही मांडी घालून समोरच बसे. मग काउंटर आले, दिवे आले, आणि गिऱ्हाइकाला खुर्ची मिळाली. दाखवणारीची बैठक मात्र गेली.

माझी एक जुनी विद्यार्थिनी अशाच एका दुकानात आहे. सकाळी दहाला उभी राहते ती रात्री नऊपर्यंत, मधे जेवायला अर्धा तास. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचं नाही. भिंतीला टेकलं तरी कॅमेऱ्यात दिसतं आणि बोलणी बसतात. "आणि बाई, पाणीसुद्धा बेतानंच पिते मी. जायची सोय तिसऱ्या मजल्यावर, सारखं कसं विचारायचं?" बावीस वर्षांची पोर, पण तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा उठल्या आहेत.

मी शाळेत अर्धवेळ शिकवते. लागोपाठ तीन तास घेतले की माझेही पाय भरून येतात, पण मला शिक्षकखोलीत खुर्ची आहे. चालताना पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. एका जागी उभं राहिलं की ते काम थांबतं, रक्त पायात साठतं, शिरांवर ताण येतो. कोमट पाण्यात मीठ घालून पाय बुडवा, रात्री पायांखाली उशी घ्या, हे उपाय आपण एकमेकींना सांगतोच. बरं वाटतं त्यानं. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा अकरा तास आहेतच ना!

गंमत म्हणजे, कारखान्यात उभ्यानं काम करणाऱ्यांना अधूनमधून बसता यावं म्हणून सोय करावी, हे 1948 च्या कारखाना कायद्यातच होतं. दुकानातल्या बाईचं नाव त्यात कुठून येणार? तिचा विचार व्हायला केरळातल्या बायकांना रस्त्यावर यावं लागलं. कोझिकोडच्या मिठाई गल्लीत पी. विजी नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईंनी दुकानांतल्या बायकांना एकत्र केलं. आधी मागणी होती साध्या स्वच्छतागृहाची, मग बसण्याची. 2018 मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून बसायची सोय मालकावर बंधनकारक केली. 2021 मध्ये तामिळनाडूनं तेच केलं. बसण्यासाठी कायदा! आमच्या घरी हे वाचून दाखवलं तर 'हे' हसले. मला काही हसू आलं नाही.

आता आपल्याकडचं ऐका. कामाच्या जागची सुरक्षितता आणि आरोग्य यांविषयीचे 13 केंद्रीय कायदे एकत्र करून 2020 मध्ये एक संहिता झाली, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली. उभ्यानं काम करावं लागणाऱ्या सगळ्यांसाठी बसण्याची व्यवस्था ही मालकाची जबाबदारी, असं तिच्यात आलं आहे. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, हातात नेमणूकपत्र, ठरावीक वयानंतर दर वर्षी फुकट तपासणी, हेही आहे. म्हणजे ती मुलगी स्टूल मागते ते उपकार म्हणून नव्हे.

मेख अशी, की ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असतील तिथे. आपल्या गावातली किती दुकानं दहाच्या वर जातात, तुम्हीच मोजा. चार मुलींच्या दुकानात पाय काही कमी दुखत नाहीत. शिवाय दहा असूनही हजेरीवर आठच दाखवणारे शहाणे असतातच.

एकदा मी दुकानाच्या मालकांना सरळ विचारलं. ते म्हणाले, "वहिनी, मुली बसलेल्या दिसल्या की गिऱ्हाइकांनाच आवडत नाही." म्हणजे हे आपल्या नावावर चाललेलं आहे, बरं का! मी म्हटलं, "मी तुमची बारा वर्षांची गिऱ्हाईक, मला आवडेल." पुढच्या खेपेला काउंटरच्या मागं दोन स्टुलं होती. मुली सहा. पाळीपाळीनं बसतात, असं ती सांगत होती. तिसऱ्या स्टुलाचं मी पाडव्याच्या खरेदीला काढणार आहे. बरोबर जाऊबाई आणि शेजारच्या दोघी असतील.