दुसऱ्या बाजूचं हब

मुलांनो, तुमच्यापैकी कितीजणांनी जुनी जीप आतून पाहिली आहे? आतून म्हणजे सीटवर बसून नव्हे हं! बॉनेट उघडून, खाली वाकून, हात काळे करून. आमच्या घरी एक डिझेलची जीप आहे. वयाने जवळजवळ माझ्याएवढी. आप्पा, म्हणजे माझे वडील, ती शेतावर न्यायचे. आता त्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून ती माझ्याकडे आली. जीप चालवणारी मास्तरीण म्हणून गावात थोडी थट्टा होते. होऊ दे.

या जीपमध्ये गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक छोटा दांडा आहे. एरवी इंजिन फक्त मागची दोन चाकं फिरवतं. छोटा दांडा टाकला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. दुसऱ्या महायुद्धात चिखल-वाळूतून जायला अशाच गाड्या हव्या होत्या. १९४१ पासून युद्ध संपेपर्यंत अमेरिकेतल्या एकट्या विलीज कंपनीने साडेतीन लाखांवर जीप बनवल्या.

जुनी गाडी म्हटली की ती रुसणारच. आप्पांचा नियम असा : "आधी डोळे, मग कान, मग नाक. पाना सगळ्यात शेवटी!" समजा, सकाळी सेल्फ मारला आणि नुसतं 'टक्' वाजलं. लोक लगेच म्हणतात, बॅटरी गेली, नवी आणा. आप्पा आधी बॅटरीच्या टोकांकडे बघायला लावतात. तिथे पांढरी-हिरवी भुकटी साठली असेल, तर वीज पुढे जाणार कशी? वायर सोडवून टोकं गरम पाण्याने धुतली, घासली, घट्ट आवळली, की बऱ्याचदा नव्या बॅटरीचे पैसे वाचतात. (त्या भुकटीला तुम्ही हात लावायचा नाही. बॅटरीत आम्ल असतं.)

टाकीतलं डिझेल पार संपलं आणि नळीत हवा शिरली, तर नंतर डिझेल भरूनही इंजिन चालू होत नाही. मग फिल्टरवरचा छोटा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप दाबत राहायचं. आधी फेस येतो, बुडबुडे येतात. नितळ धार लागली की स्क्रू आवळायचा. आमच्याकडे पंप दाबायचं काम लहानपणापासून माझं!

इंजिन तापलं, तर पंख्याचा पट्टा सैल झालाय का आणि रेडिएटरच्या जाळीत गवत अडकलंय का, एवढं बघा. पण गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो, पाण्याची एकदम वाफ होते आणि सगळं तोंडावर उडतं.

आता माझ्या फजितीची गोष्ट सांगते.

२०२४ च्या फेब्रुवारीतला रविवार. पाचवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला आमच्या शाळेतली चार मुलं घेऊन मी निघाले. आमचा भाग माणदेशातला. वाटेत एक कोरडा ओढा लागतो, वाळूने भरलेला. पुलावरून गेलं तर लांबचा वळसा. म्हटलं, जीप आहे की!

पुढच्या दोन्ही चाकांच्या मध्यभागी हब असतात. डांबरी रस्त्यावर ते मोकळे ठेवायचे आणि वाळूत शिरण्याआधी खाली उतरून हाताने फिरवून लावायचे. मी उजवीकडचा लावला. तेवढ्यात एका पालकांचा फोन आला. बोलत बोलतच गाडीत बसले आणि छोटा दांडा टाकून निघाले. ओढ्याच्या मधोमध मागची चाकं वाळू उडवत रुतली. पुढची चाकं मात्र गप्प!

पेपरला पाऊण तास उरलेला. माझ्या शेजारी बसलेला मुलगा मघापासून त्या छोट्या दांड्याशी चाळा करत होता. मी एकदम ओरडले, "काय केलंस रे? मोडलास ना दांडा!"

"म्या काय बी न्हाई केलं, बाई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले. मी लक्ष दिलं नाही. गाडीखाली वाकून शाफ्ट बघत बसले. शाफ्टला काही झालेलं नव्हतं. मुलंही उतरली होती. तो मुलगा मुकाट्याने गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"बाई, त्या चाकावरचा बाण उभा हाय. ह्याच्यावरचा आडवा."

डावा हब मोकळाच! तुम्ही म्हणाल, निदान उजवं चाक तरी फिरायला हवं होतं. इथेच गंमत आहे. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शिअल नावाचा दात्यांचा डबा असतो. वळणावर बाहेरचं चाक जास्त अंतर कापतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणं हे त्याचं काम. पण जी बाजू हलकी, तीच तो आधी फिरवतो. डावीकडचा दांडा रिकामाच गरगर फिरत होता, म्हणून उजव्या चाकालाही काही मिळेना.

हब लावला, चाकांपुढची वाळू हातांनी उपसली आणि जीप हळूहळू बाहेर आली. डांबरीवर आल्यावर छोटा दांडा काही निघेना. तेही बिघाड वाटतं, पण नसतं. पुढच्या-मागच्या चाकांची ओढाताण होऊन तो आवळला जातो. गाडी थोडी मागे घेतली की सुटतो. सुटला.

त्या मुलाशी काय बोलावं, ते मात्र मला लगेच सुचेना. बॅटरीवर आळ घेण्याआधी मी चार गोष्टी तपासते आणि त्याच्यावर आळ घ्यायला मला एक क्षण पुरला होता. केंद्राच्या फाटकाशी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "चूक माझी होती. मी तुला उगाच बोलले. गाडी तुझ्यामुळे निघाली."

त्याने नुसती मान हलवली आणि हाताची वाळू चड्डीला पुसत आत गेला. दिवसभर मला चैन नव्हतं. रडवेल्या मनाने गणितं सुटतात का?

दुसरा पेपर सुटला. बाकीची तिघं उत्तरं पडताळत आली. हा धावत थेट जीपकडे आला आणि विचारलं, "बाई, येताना दोन्ही हब म्या लावू?"