आमचा परवलीचा शब्द

मुलुंडांतील एका लहानशा पतसंस्थेचें मानद चिटणीसपद आम्ही कांहीं वर्षें मिरवीत आहों. 'मिरवीत' हा शब्द आम्हीं जाणून वापरला आहे. कारण काम कारकुनानें करावें व सही आम्हीं करावी, अशी सोईस्कर वांटणी आम्हीं करून घेतली होती. पुढें संस्थेंत हिशेबाचें सॉफ्टवेअर आलें आणि त्याबरोबर एक तक्ता आला. कर्जाची नोंद कोणीं करावी, ती मंजूर कोणीं करावी, व्याजाचा दर बदलण्याचा अधिकार कोणास व तो नुसता पाहण्याचा कोणास, हें सारें त्यांत माणसागणिक लिहावयाचें होतें. मुख्य नियम एवढाच, कीं ज्यानें नोंद केली त्यानें ती मंजूर करावयाची नाहीं.

आम्हांला त्या तक्त्याचा मनस्वी राग आला. तीस वर्षें मुलांना इंग्रजी काव्य शिकविणाऱ्या माणसाची ही झडती! शिवाय दर मंजुरीस परवलीचा शब्द ठोकीत बसण्याचा कंटाळा होताच. म्हणून आम्हीं तो शब्द एका चिठ्ठीवर लिहून कारकुनाच्या हातीं दिला. "आमचा तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे," असेंही वर सांगितलें. तो बिचारा चुळबुळला. "सर, चिठ्ठी आपल्याकडेच असूं द्या," म्हणाला. आम्हीं हंसून ती त्याच्या खिशांत कोंबली.

वर्षअखेर हिशेबतपासनीस आले. एका सभासदाच्या ५० हजारांच्या कर्जापुढें ५ लाख लिहिले गेले होते. चूक त्याच दिवशीं दुरुस्त झाली होती व पैसा कोठें गेला नव्हता. परंतु त्या ५ लाखांच्या मंजुरीपुढें आमचें नांव होतें, आणि वेळ होती मंगळवार सकाळीं साडेअकराची. त्या वेळीं आम्ही अंधेरीस वर्गांत शिकवीत होतों. पवईच्या रस्त्यावरची गर्दी ज्यानें पाहिली आहे, त्यास एकच माणूस त्या घटकेस दोन्हीकडे असूं शकत नाहीं हें सांगावयास नको.

"मग ही मंजुरी कोणाची?" तपासनिसांनीं विचारलें. टेबलाभोंवतींच्या सर्वांच्या नजरा वळल्या त्या आमच्याकडे नव्हे, तर कारकुनाकडे. 'आम्हांस ठाऊक नाहीं' एवढें आम्ही म्हटलों असतों, तर त्याची नोकरी गेली असती. आणि खरें सांगावयाचें, तर क्षणभर तें वाक्य आमच्या ओठांवर आलें होतें. मग आम्हीं चिठ्ठीची हकीकत सांगितली.

मराठी माणसास हा तक्ता नवा वाटूं नये. शिवकालीन पत्राच्या शेवटीं 'मर्यादेयं विराजते' असा मोर्तबाचा शिक्का असे. पत्र येथें संपलें, पुढें कोणीं अक्षर वाढवूं नये, हा त्याचा हेतु. १७७३ सालीं नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यासंबंधींची 'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. ती खरी असो वा नसो, अक्षर कोणाच्या हातानें बदललें याची निर्विवाद नोंद नाहीं. म्हणून आनंदीबाईंच्या नांवाला चिकटलेला तो संशय अडीचशें वर्षें पुसला गेला नाहीं. आज १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना नियमच आहे, कीं हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्यें प्रत्येक फेरबदलाची तारखेसह नोंद राहावी व ती कोणास बंद करतां येऊं नये.

अशी नोंद म्हणजे अविश्वास, असें आम्ही समजत होतों. आमचा तो विश्वास मात्र निव्वळ आळस होता, आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या संसारानें मोजावयाची होती. संशय नेहमींच उतारावरून वाहतो. ज्याची खुर्ची लहान, त्याच्या पायाशीं तो सांचतो. त्याला बांध घालावयाचा तर कागदावर नांव हवें, आणि तें खरें हवें.

चिठ्ठी आम्हीं फाडली व शब्दही बदलला. आतां मंजुरीसाठीं आम्ही स्वतः जातों. नवा शब्द आम्हांस पहिल्या खेपेस क्वचितच आठवतो. आम्ही अक्षरें शोधूं लागलों कीं कारकून मान वळवून खिडकीबाहेर पाहत उभा राहतो.