दाराकडे तोंड असलेली खुर्ची

चीनमध्ये कुणी मानाने जेवायला बोलावलं, तर हॉटेलच्या गजबजलेल्या दालनात सहसा बसवत नाहीत. वरच्या मजल्यावर लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना बंद दारं आणि प्रत्येक दारामागे वेगळा हशा. ही ‘बाओश्यांग’, म्हणजे खासगी खोली. आत भलंमोठं गोल टेबल, कोपऱ्यात सोफा, वाफाळता चहा. बऱ्याच ठिकाणी खोलीचं भाडं वेगळं घेत नाहीत. अमुक इतक्या रकमेचं खाल्लंच पाहिजे, एवढी अट घालतात.

दार लागलं की माणूस सैलावतो म्हणावं, तर इथे शिस्तच सुरू होते. गोलाला टोक नसतं खरं, पण या गोलाला माथा असतो. दाराकडे तोंड असलेली, दारापासून सर्वांत लांबची खुर्ची मानाची. काही हॉटेलांत तिथला नॅपकिनही इतरांहून उंच घडीचा असतो. शानदोंग प्रांतात तिथे यजमान बसतो, मुख्य पाहुणा त्याच्या उजव्या हाताला आणि समोर, दाराकडे पाठ करून, दुय्यम यजमान. पेले भरले जाताहेत ना, वाढपी कुठे अडलाय, हे सारं त्याने बघायचं. बसण्याआधी ‘तुम्ही बसा’, ‘छे, तुम्हीच’ अशी ओढाताण होते. कोण कुठे बसणार हे सगळ्यांना ठाऊक असूनही होते.

हे वेड फार जुनं. इ.स.पू. 206 मधल्या होंगमनच्या मेजवानीचं वर्णन करताना इतिहासकार सिमा छियन कोणाचं तोंड कुठल्या दिशेला होतं तेही सांगतो. यजमान सेनापती श्यांग यू पूर्वाभिमुख, मानाच्या जागी. त्याचा प्रतिस्पर्धी लिऊ बांग याला मात्र खालच्या जागी उत्तरेकडे तोंड करून बसवलेलं. तो तिथून जीव वाचवून निसटला आणि पुढे हान घराण्याचा पहिला सम्राट झाला. घात लपलेल्या आमंत्रणाला चिनी माणूस आजही होंगमनची मेजवानी म्हणतो.

टेबलाच्या मधोमध फिरणारी तबकडी मात्र अलीकडची. 1910-11 मध्ये मांचुरियातल्या प्लेगशी झुंजलेले डॉक्टर वू लिएन-तेह यांना एकाच ताटलीत सगळ्यांच्या चॉपस्टिक पडणं धोक्याचं वाटे. त्यांनी अशा फिरत्या तबकाचा पुरस्कार केला. आता तिचेही रिवाज झालेत: कुणी घास उचलत असेल तर फिरवायची नाही. अख्खा मासा आला की त्याचं डोकं मुख्य पाहुण्याकडे येईल अशी ती थांबवतात आणि त्याने पहिला घास घेईपर्यंत सगळे हात आवरून बसतात.

मला सर्वांत गंमत वाटते ती पेल्यांची. पेला भिडवताना आपली कड समोरच्याच्या कडेखाली ठेवायची, हा आदर. दोघेही हट्टाला पेटले की पेले खाली खाली सरकत जवळजवळ टेबलाला टेकतात. आपल्या पंगतीतल्या जिलबीच्या आग्रहासारखंच हे, फक्त जिलबीच्या जागी जहाल माओताय दारू. पण हा थाट चाले कुणाच्या पैशावर? डिसेंबर 2012 मध्ये चिनी कम्युनिस्ट पक्षाने सरकारी उधळपट्टीवर आठ नियमांचा लगाम घातला, तेव्हा महागड्या हॉटेलांचे धाबे दणाणले. यावरून या खोल्या कुणाच्या खर्चाने भरत होत्या ते कळावं.

तुम्हाला कधी असं आमंत्रण आलं, तर घाईने खुर्ची ओढू नका. कुणी बसवेपर्यंत उभे राहा. शेवटी फळांची ताटली आली की जेवण आटोपलं असं समजा. बिलासाठी खिशात हात जरूर घाला, पण मघाशी हात धुवायला म्हणून कुणी बाहेर गेलं असेल, तर बिल बहुधा त्यानेच चुकतं केलेलं असतं.