सातांचें मद्य

तुरट या शब्दाइतका उपयोगी शब्द मद्याच्या परीक्षणांत दुसरा नाहीं. इंग्रज परीक्षक ‘टॅनिन’ म्हणजे काय हें समजावण्यांत पानेंच्या पानें खर्ची घालतात. पण ज्यानें लहानपणीं कच्चें टेंभुर्ण तोंडांत घालून गाल आखडून घेतले आहेत, त्या यवतमाळच्या माणसास हा धडा निराळा द्यावा लागत नाहीं.

या शब्दाची आठवण होण्याचें कारण, गेल्या पौषांत आमच्या पुतण्यानें पुण्याहून आणलेली ‘सेत्ते’ नांवाची दहा वर्षें मुरलेली बाटली. सेत्ते म्हणजे इटालियन भाषेंत सात. सोलापूर जिल्ह्यांत अकलूजजवळ इटलीचे सेच्ची बंधु, दिल्लीचे सेखरी बंधु आणि अकलूजचे मोहिते-पाटील बंधु यांनीं मिळून द्राक्षमळे लावले. टस्कनीचे पिएरो मासी हे मद्यकार सातवे. कारखान्याचें नांव ‘फ्रातेल्ली’, म्हणजे भाऊ! भाऊबंदकीची सवय असलेल्या आमच्या कानांस तें जरा नवलाचें वाटतें. सेत्तेंत सांजोवेसे आणि काबर्ने सोव्हिन्यों या दोन द्राक्षांचा मेळ असतो. पहिलें टस्कनीचें, दुसरें मूळचें फ्रान्सचें. टस्कनींतच १९७० नंतरच्या दशकांत कांहीं बागाइतदारांनीं हा मेळ रूढ केला, तेव्हां तेथील जुन्या नियमांत तो बसेना. म्हणून उत्तम मद्यें कांहीं काळ साध्या ‘टेबलवरच्या मद्या’च्या नांवानें विकावीं लागलीं. (परवाना आमच्याजवळ आहे, शंकेखोर वाचकांनीं स्वस्थ असावें.)

बाटली दोन दिवस उभी ठेवली, म्हणजे गाळ तळाशीं बसला. टॅनिन आणि रंग वर्षानुवर्षें एकमेकांस चिकटून जड होतात व खालीं बसतात. म्हणून जुनें मद्य फिकें आणि मऊ होतें. पेला पांढऱ्या पंचावर तिरपा धरला तेव्हां मध्यभागीं डाळिंबाचा आणि कडेस कौलाचा रंग दिसला. वास प्रथम कोंदट होता, अर्ध्या घटकेनें उघडला: सुकलेलें बोर, तंबाखूची पुडी, जुन्या लाकडी पेटींतला दर्प. ताज्या फळाचा वास मात्र गेलेला. आमच्या वहिनींनीं घोट घेतला नाहीं, नुसतें हुंगलें आणि म्हणाल्या, “बरणींतल्या मागल्या सालच्या चिंचेचा वास येतोय, भाऊजी.” इतकें नेमकें वर्णन आम्हांस साधलें नसतें. सांजोवेसेचा आंबटपणा अजून ताठ होता, काबर्नेचा तुरटपणा मात्र निवला होता; आंबट पुढें आणि तुरट मागें, अशी ती चव लांबवर टिकली. आमचा निर्णय असा कीं हें मद्य शिखर ओलांडून उतारास लागलें आहे, पण पाय अजून डळमळलेले नाहींत. आणखी ठेवूं नये. आणि आमच्या वैशाखांत, पारा बेचाळिसावर असतांना, तर मुळींच नाहीं. उष्णतेनें मद्य शिजतें.

हें सर्व लिहितांना मन अवघडतें. याच जिल्ह्यांतल्या बायका दारूबंदीसाठीं मोर्चे काढीत आल्या आहेत, आणि शेजारच्या वर्ध्यांत दारूबंदी आहे. ज्या घरांत मजुरीचे पैसे गुत्त्यांतच संपतात, तेथें सुकलेल्या बोराचा वास कोण हुंगणार? त्या बायकांपुढें आमचें हें रसग्रहण मांडण्याचें धैर्य आम्हांस नाहीं, आणि त्यांची मागणी चूक आहे असें आम्ही म्हणतही नाहीं.

तरी एक गोष्ट खुपते. चैत्रांत पहाटे मोहाखालीं जो मांसल, पिवळसर फुलांचा सडा पडतो, त्यांत साखर भरपूर. कोलाम आणि गोंड घरांत त्याची भाकरी होते, पूजेस धार होते, आणि दारूही होते. १९४९ च्या मद्यनिषेध कायद्यानें फूल बाळगण्यावरसुद्धां निर्बंध घातले, ते २०२१ सालीं सैल झाले. द्राक्षाच्या मद्यास मात्र २००१ सालींच सरकारी धोरण लाभलें. मुरण्यास वर्षें लागतात, आणि वर्षें निर्भय कोठार असेल तेथेंच मिळतात. लपवून गाळलेली मोहाची दारू रातोरात संपवावी लागते. ती दहा वर्षें ओकच्या पिंपांत ठेवली तर कशी लागेल, हें पुतण्यानें विचारलें. वहिनींनीं गाळ उरलेली बाटली उचलून मोरीवर नेली आणि म्हणाल्या, “आधीं जेवायला बसा.”